अनुभव धागा : गावाला निघताना डबा, गाडी आणि मागच्या सीटवरची माणसं

कडीचा_डबा
माळ्यावरून आज पितळी कडीचा डबा खाली काढला. घासायच्या आधी झाकण उघडलं आणि दशम्यांची आठवण झाली. पनवेल सुटेपर्यंत हा डबा उघडायचा नाही असा घरचा नियम होता.

गणपतीला ठाण्याहून, नवी मुंबईतून गाडीने कोकणात उतरणारे इथे पुष्कळ आहेत. डब्यात काय टिकतं, गाडीचं काय बघायचं, पोरांना आणि म्हाताऱ्या माणसांना कसं न्यायचं, सगळं लिहा. फक्त प्रमाणासकट लिहा, म्हणजे दुसऱ्याला करता येईल.

माझ्याकडून दशम्या. २ वाट्या कणीक, अर्धी वाटी किसलेला गूळ, अर्धी ते पाऊण वाटी दूध, २ चमचे तूप, चिमूटभर मीठ, वेलदोडा. दूध आधी उकळून कोमट करायचं आणि मगच गूळ घालायचा. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटतं. सगळं दूध एकदम ओतू नका, गूळ विरघळला की तोही पीठ सैल करतो. पीठ पुरीसारखं घट्ट, पोळीपेक्षा जाड लाटायचं, आच मध्यम. मोठ्या आचेवर गूळ करपतो आणि आत कच्चं राहतं. पाण्याचा हात अजिबात लावायचा नाही. दोन दिवस छान राहतात.

खारीगाव_टोलनाका
दहीभात!! पण दह्यात कालवायचा नाही, दुधात कालवायचा. १ वाटी तांदूळ ३ वाट्या पाण्यात गुरगुट्या शिजवा, गरम असतानाच घोटा. कोमट झाला की दीड वाटी कोमट दूध आणि १ मोठा चमचा दही. पहाटे चारला केला तर दहा-साडेदहापर्यंत डब्यातच लागतो आणि आंबट होत नाही. नुसत्या दह्यातला वडखळ यायच्या आत आंबतो. वरून तूप-जिरं-हिंग-मिरचीची फोडणी, किसलेलं आलं. काकडी आत घालू नका, पाणी सुटतं.

नेरूळची_सई
+१ दहीभाताला

घाटवाट
डब्याआधी गाडी बघा मंडळी.

टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यात दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी एक. पाच माणसं, डिकीत तांदळाचं पोतं आणि हवा मात्र रोजचीच, असं चालत नाही. टायर बाजूने वाकतो, तापतो आणि कडेने फाटतो. नक्षीची खोली कायद्याने १.६ मिमी चालते, पण पावसात तेवढीवर मी भरवसा ठेवणार नाही, ३ च्या खाली गेली की बदला. पाणी बाहेर फेकायला खाच उरली नाही की टायर रस्त्यावर न टेकता पाण्यावर तरंगतो. त्या वेळी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा.

स्टेपनीत हवा कोणीच बघत नाही. ती बघा. जॅक, पाना, त्रिकोण वर ठेवा, सामानाखाली नको. नट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे, उचलल्यावर चाक नुसतं फिरत राहतं.

कळवा_नाका
विटाव्याच्या रेल्वेपुलाखालचं पाणी बघून मग निघा. जोराचा पाऊस झाला की तिथे तुंबतंच. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर जायचंच नाही. कमी असेल तर पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, मध्ये गिअर बदलायचा नाही. आणि बंद पडली तर परत सेल्फ मारू नका!! सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टो करा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट वेगळं घेतलेलं नसेल तर हा खर्च बहुतेक वेळा आपल्यालाच पडतो.

चकलीचा_सोऱ्या
मग ठाण्याहून मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली बरं की ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रोड?

कळवा_नाका
@चकलीचा_सोऱ्या बायपासला अवजड गाड्या फार. गणपतीत त्यांना कोकणच्या रस्त्यावर बंदी असते, तरी उरणकडच्या ट्रेलरची रांग त्या बाजूला असतेच. पहाटे ऐरोली, तुर्भे, बेलापूर, खारघर, पळस्पे. उजेड झाल्यावर मात्र तुर्भ्याला अडकाल.

पाचपाखाडी_वर्तुळ
मुलुंडच्या नातेवाइकांना घेऊन निघणाऱ्यांसाठी : ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर छोट्या गाड्यांना टोल नाही. आनंदनगरचा टोलनाका चुकवायला गल्ल्यांतून वळसा घालण्याची गरज राहिली नाही. कोकणात जाणाऱ्यांसाठी गणेशोत्सवात सरकार टोलमाफीचे पासही देतं. गाडीचा नंबर आणि प्रवासाची तारीख लागते. आदल्या दिवशी धावपळ करू नका, आठवडाभर आधी घ्या.

ओवाळणी
पोरांची उलटी हा खरा प्रश्न आहे हो. यावर कोणीतरी नीट लिहा.

वाशी_सेक्टर९
@ओवाळणी ताई, लिहिते. डोळ्यांना गाडीच्या आतलं स्थिर दिसतं आणि कानाच्या आतल्या भागाला वळण कळतं, या दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. म्हणून मोबाइल आणि पुस्तक बंद. मागच्या सीटवर मधे बसवा, समोरचा रस्ता दिसला पाहिजे. बेल्ट मात्र हवाच.

पूर्ण रिकामं पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही वाईट. निघायच्या तासभर आधी खाकरा, साध्या लाह्या किंवा कोरडी पोळी. दूध नको, तळलेलं नको. वाटेत आलेपाकाची छोटी वडी चघळायला. गाडीत अत्तर किंवा उग्र वासाचं फ्रेशनर असेल तर काढून टाका, निम्मा त्रास त्यानेच होतो. गोळी द्यायची तर वय सांगून डॉक्टरांना विचारून, घाट सुरू व्हायच्या तासभर आधी. घाटात शिरल्यावर दिलेली उलटीत निघून जाते. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही.

आणि झालीच तर : सीट पुसून खाण्याचा सोडा भुरभुरवा, वीस मिनिटांनी झटका. वास जातो.

ओवाळणी
मनापासून आभार 🙏 सोडा माहीत नव्हता. लगेच डिकीत ठेवते.

मोदकपात्र
उकडीचे मोदक गाडीतून नेऊ नका कृपया. पारी कडक होते, ओलं खोबरं दुपारपर्यंत आंबूस लागतं. तळणीचे न्या. सारण गूळ-खोबऱ्याचं, कढईच्या कडा सोडेपर्यंत आटवलेलं. पारीला १ वाटी कणीक, २ चमचे बारीक रवा, २ चमचे कडकडीत मोहन. मंद आचेवर तळा. घाईने तळले की रंग येतो, पण थंड झाल्यावर मऊ पडतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद नाही. वाफ कोंडली की झाकणाला पाणी सुटतं आणि तेच पाणी खाली पडून सगळा डबा खराब होतो. पुऱ्या, धपाटे, सगळ्यांना हाच नियम.

घाटवाट
आता घाट. वाटेत सुकेळी खिंड, कशेडी (आता बोगदा आहे), भोस्ते, परशुराम, पुढे कामथे. उतरताना तोच गिअर ठेवा ज्यात तो चढ चढला असता. दुसरा किंवा तिसरा. इंजिन गाडीला धरतं आणि ब्रेक गार राहतो. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो, पेडल खोल जायला लागतं. तिथे थांबायचं, अर्धा तास. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकते. ऑटोमॅटिकवाल्यांनी डी मध्ये उतरू नये, एल किंवा मॅन्युअलला घ्या.

चढावर रांगेत अर्धा क्लच धरून गाडी उभी ठेवू नका, हँडब्रेक लावा. एका गणपतीत क्लचप्लेट संपते ती अशी. अरुंद चढावर वर येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे.

नेरूळची_सई
काचेवर धुकं येतं ते? एसी बंद करायचा की चालू?

घाटवाट
@नेरूळची_सई आधी काचेला बोट लावून बघा. आतून असेल तर एसी चालू, हवा समोरच्या काचेवर आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण. बाहेरून असेल तर काच जास्त गार झालीय, वायपर मारा आणि एसी कमी करा. फडक्याने पुसत बसू नका, चरे पडतात आणि रात्री समोरचे दिवे फाकतात. धो धो पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणाऱ्यांना हात जोडून विनंती, लावू नका. तुम्ही वळताय की थांबलाय, मागच्याला कळत नाही.

सीएनजी_वाला
सीएनजीवर जाणारे, टाकीत पेट्रोल किमान पाव तरी ठेवा. भरलेली गाडी गॅसवर घाटात दमते, चढाआधी पेट्रोलवर घ्या. सिलिंडरची चाचणी दर ३ वर्षांनी, तारीख पट्टीवर असते. ती उलटली असेल तर पंपावर गॅस नाकारतात आणि रांगेतला तास फुकट जातो. डिकी सिलिंडरने भरलेली म्हणून सगळं जड सामान टपावर चढवू नका. वळणावर गाडी झुलते. टपावर हलकं, जड पायाशी.

पेणकर_माहेर
मूर्ती पेणहून घेणार असाल तर सीटवर नुसती ठेवू नका. सीट मागे उतरती असते. घोंगडीच्या घड्या घालून आधी सपाट करा, त्यावर रबरी जाळीची चटई, मग पाट. त्याहून चांगलं म्हणजे मागच्या सीटच्या पायाशी, दोन्ही बाजूंनी उशा. पट्टा मूर्तीवरून घेऊ नका, शाडूचे हात आणि सोंड लगेच तडकतात. शाडूला पाण्याचा थेंब चालत नाही, त्यामुळे त्या बाजूची काच पूर्ण बंद.

जाताजाता पोह्याचे पापड घ्या. ओलसर वाटले तर घेऊ नका, पावसात बुरशी धरते.

सुरणवडी
पेणच्या आधी कर्नाळ्याच्या बाजूला रानभाज्या घेऊन बसतात. ऋषीच्या भाजीचं तिथेच होतं : अळू, माठ, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, भेंडी, पडवळ. बैलाच्या कष्टाचं नको, म्हणून परसातलं. अळू-सुरण खाजतं, त्यात चिंच किंवा आंबाडा हवाच. चिरताना हाताला तेल लावा. शेवळं मात्र गणपतीत मागू नका, ती जूनची. ठाण्याच्या गावदेवी मार्केटला तेव्हा मिळतात, सोबत काकडं (छोटी आंबट फळं) देतात तीही घ्या, नाहीतर घसा खवखवतो.

खारीगाव_टोलनाका
@सुरणवडी भेंडी आधी घालायची की शेवटी? माझी गिळगिळीत होते

सुरणवडी
शेवटी. कणीस आणि सुरण आधी शिजवा, भेंडी पाच मिनिटं राहिली की. चिंचेचा कोळ तेव्हाच घाला, चिकटपणा कमी होतो.

बेलापूर_किल्ला
ज्येष्ठांबद्दल कोणी लिहिलं नाही. दर दीड तासाला थांबा आणि ते मागतील याची वाट बघू नका. संकोचाने सांगत नाहीत आणि पाणीच कमी पितात, मग चक्कर येते. पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारा. इन्सुलिन डॅशबोर्डच्या कप्प्यात नको, तिथे फार तापतं. बर्फालाही चिकटू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. ओल्या फडक्यात गुंडाळून थंड पिशवीत, बर्फ आणि त्याच्यामध्ये टॉवेल. मधुमेह असलेल्यांची जेवणाची वेळ कोंडीत चुकते, त्यांचा एक छोटा डबा हाताशी ठेवा, डिकीत नको.

पुढची सीट गुडघे दुखणाऱ्याला द्या. पाय लांब करता येतात. यात मानपान आणू नये.

ओवाळणी
खरंय काका. संकोच करतात अगदी. वाचून गलबलून आलं.

चकलीचा_सोऱ्या
रात्री दोनला निघणं सगळ्यात चांगलं, रस्ता रिकामा असतो

वाशी_सेक्टर९
@चकलीचा_सोऱ्या दादा, नाही पटलं. दोन ते पाच झोप सगळ्यात गडद. आठला झोपून साडेतीनला उठा, चारला निघा. चहाने झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते. डुलकी आली तर पंपावर वीस मिनिटं झोपा, गाणी मोठी करून काही होत नाही.

चकलीचा_सोऱ्या
चारला पेणची कोंडी लागते ना पण

कळवा_नाका
मग खोपोली, पाली, वाकण. पेण-वडखळ टळतं, किलोमीटर वाढतात. पालीच्या देवळाची गर्दी असेल तर तिथेही थांबावं लागेल. इंदापूर-माणगाव कुठूनही गेलात तरी आहेच.

मोदकपात्र
@कडीचा_डबा पितळी डब्यात दहीभात किंवा चिंचेचं काही भरू नका हं, कल्हई नसेल तर कळकतं. दशम्या, लाडू चालतील.

कडीचा_डबा
@मोदकपात्र हो, कल्हई गेलीय. करून देणारा माहीत आहे का कोणाला? तोवर आत केळीचं पान घालून दशम्याच.

नेरूळची_सई
दशमीला गूळ साधा की चिक्कीचा?

कडीचा_डबा
साधा. चिक्कीचा गार झाला की दशमी चिवट करतो, आजींना चावणार नाही.