मदत हवी आहे: आईच्या कबरीवरची पहिली २ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. आम्ही वसईचे, पण गेली बारा वर्षं पुण्यात. आई जूनमध्ये गेली. आता आपल्या ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस, २ नोव्हेंबर, आलाय. लहानपणी कबरीवर झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस करायची ती, आणि मेणबत्ती विझली की ओरडा मला! यंदा ते सगळं माझ्यावर आलंय.

अडचण अशी की २ तारखेला सुट्टी मिळत नाही. १ ते ८ नोव्हेंबरमध्ये कधीही कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तरी चालतं, हे ठाऊक आहे. पण त्या दिवशीच्या मिस्सासाठी (चर्चमधल्या उपासनेसाठी) आईचं नाव फोनवरून देता येतं का? की चिठ्ठी आणि दान स्वतः चर्चच्या ऑफिसातच नेऊन द्यावं लागतं? तुमच्याकडे कसं करतात?

दुसरं, कबरीपाशी म्हणायची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि मृतांची लितानी (एकाने म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायची प्रार्थना) मराठीत कुणाकडे छापील असेल तर फोटो टाका. पोरं इंग्रजी माध्यमातली, पण आजीला इंग्रजीत हाक मारलेली तिला आवडली नसती.

आणि हो, वाऱ्यात मेणबत्ती टिकवायचा काही उपाय? काचेचे ग्लास तडकतात, मागे दोन फुटले.