आपल्या विश्वासाची निगा आपणच राखायची: तुमचा अनुभव काय?

राखेच्या बुधवारपासून ठिकठिकाणी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सभा सुरू होतील. तिथे उपदेश भरपूर मिळतो, म्हणून इथे नको. प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास हे कोणी आठवण करून देत नसताना तुम्ही कसं करता (किंवा का करत नाही), तेवढंच लिहा. येशूने सांगितलेल्या दहा कुमारींच्या दाखल्यात वराची वाट पाहताना पाच जणींच्या दिव्यांना तेल पुरत नाही, आणि शहाण्या मुली आपलं तेल देत नाहीत, हे मला लहानपणी कंजूषपणाचं वाटायचं. आता वाटतं, ते तेल उसनं देता येण्यासारखं नव्हतंच. कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळ्यांनी लिहा. पंथांची भांडणं दुसरीकडे.

वसईकर, सध्या जुबैल

मी सौदीत पाइपिंगच्या कामावर आहे. इथे चर्च नाही; बिगरमुस्लिमांना उघड उपासनेची परवानगीच नाही. सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे रविवारी सकाळी मी साइटवर. गावी घंटा व्हायची, आई हाक मारायची, पाय आपोआप चर्चकडे वळायचे. काही जण इथून कॉजवेवरून (समुद्रावरच्या रस्त्याने) बहरीनला जातात, मनामाच्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेला. पण त्यासाठी व्हिसा काढा, गाडीवाला शोधा, पैसे भरा. आणि दुरुस्तीसाठी प्लांटचा शटडाउन लागला की आम्हाला सुट्टीच नसते.

जाणं शक्यच नसेल तर रविवारच्या मिस्साचं बंधन राहत नाही, हे फादरांनी निघतानाच सांगितलं होतं. ऐकून बरं वाटलं. इथे आल्यावर कळलं, बंधन गेलं की त्याच्यामागे फार काही उरत नाही. जे उरवायचं ते आपणच. मग कँपच्या बसमध्ये त्या दिवसाची वाचनं मोबाइलवर वाचायला लागलो. रोझरी बोटांवर म्हणतो. दहा बोटांवर एक रहस्य (दहा प्रार्थनांचा एक भाग) पुरं होतं, माळ लागत नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस नाही, आणि मेसमध्ये तर चिकनच चिकन. मी डाळ-खुबूस (अरबी रोटी) घेतो. बिहारी आचारी दर वेळी विचारतो, ‘आज भी नहीं?’ त्याची खात्री आहे की माझं पोट कायमचं बिघडलंय.

पापनिवेदन मात्र एकट्याने होत नाही, त्याला फादर लागतात. रात्री पडल्या पडल्या दिवसाचा हिशेब घेतो, बाकी गावी गेल्यावर. विमानतळावरून आधी चर्च, मग जेवण, असं माझं म्हणणं. आईचं उलटं.

नाइट ड्यूटी

‘रोज पहाटेची वेळ ठरवा’ असं सांगणाऱ्यांना नर्सचं रोटेशन माहीत नसतं. मी वेळ सोडली, जागा धरली. चेंजिंग रूममध्ये गणवेश चढवताना बायबलमधलं स्तोत्र १२१. राखणारा झोपत नाही, असं त्यात आहे. आयसीयूच्या रात्रपाळीला याहून बरं काय!

नगरकर

पाळकांची मुलगी म्हणून वाढले. शब्बाथशाळेत वचन पाठ नसलं तर ‘पाळकसाहेबांची मुलगी ना तू?’ विश्वास जणू घराबरोबर मिळणारं फर्निचर. लग्नानंतर बँकेची नोकरी लागली, बदल्या झाल्या, आणि ज्या गावात मला कोणी ओळखत नव्हतं तिथे पहिल्यांदा मी मनाने उपासनेला गेले. शेवटच्या बाकावर बसायचे, कोणाला सांगायचं नाही कोणाची मुलगी ते. आमच्याकडे रेव्हरंड टिळकांचं (कवी ना. वा. टिळक) नाव सगळे घेतात. मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर घेतला. त्या काळात, तेही नवरा टिळकांसारखा असताना!

जालन्याचे काका

सगळ्यांना सलाम. धाग्याचं नावच मला अर्धं पटतं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. शास्त्र तिने ऐकूनच घेतलं, टिळकांची पदं तोंडपाठ. शेवटी तिला आमची नावंही आठवेनात. प्रार्थना सुरू करायची आणि मध्येच थांबायची. तेव्हा मंडळीतल्या बायका संध्याकाळी येऊन पदं म्हणायच्या, आणि ती ओळीत ओळ मिसळायची. तिचा विश्वास तेव्हा कोण सांभाळत होतं? ‘मी आणि माझा देव’ हे शहरात, फ्लॅटचं दार लावून ठीक आहे. पौल ‘आपापला भार वाहा’ म्हणतो, पण त्याआधी तिथेच ‘एकमेकांची ओझी वाहा’ असंही म्हणतो. बायबलमधलं गलतीकरांस पत्र, सहावा अध्याय.

धागाकर्ती

काका, मान्य. पण त्या बायका आल्या तेव्हा आजींच्या आत मिसळायला पदं होती ना? ती त्यांनी धडधाकट असतानाच भरून ठेवलेली.

जालन्याचे काका

होती. पण तीही मंडळीत बसूनच भरलेली, बाई.

दोन मुलांची आई, पुणे

मोठा सोळा वर्षांचा. लहानपणी बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याच्या वतीने आम्ही बोललो. दृढीकरणाला, म्हणजे तोच विश्वास पुढे स्वतः कबूल करण्याच्या विधीला, त्याने बिशपांसमोर स्वतः उत्तर द्यायचं असतं. वर्गाला नीट जायचा, प्रश्नही विचारायचा. गेल्या रविवारी घरी येऊन म्हणाला, ‘मी अजून हो म्हणू शकत नाही. सगळे म्हणतायत म्हणून म्हणायचं का?’ मी पाळकांना फोन केला. ते म्हणाले, थांबू द्या, वर्गाला मात्र येत राहू दे. तो जातो. यंदाच्या यादीतून नाव काढलंय. सासूबाईंनी त्याच्यासाठी पांढरा शर्ट आधीच शिवून घेतला होता. त्या सध्या माझ्याशी बोलत नाहीत, त्याच्याशी बोलतात.