धंद्यातल्या बाईचं दान मंडळीनं (आमच्या चर्चनं) परत केलं, पाकीट माझ्याकडे आहे. काय करू?

नगरची लेक

सर्वांना सलाम. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा.

मी पुण्यात नर्स आहे, माहेर नगरचं. सहा वर्षं झाली, मंगळवारी आणि शुक्रवारी ड्युटी संपली की मंडळीतले आम्ही चार-पाच जण बुधवार पेठेतल्या एका गल्लीत मुलांचा अभ्यास घेतो. साडेपाच ते नऊ. त्याच वेळेला गिऱ्हाइकं यायला लागतात. खोली एकच, मधे पडदा, मुलांनी जायचं कुठे? पाढे, वाचन, गाणी होतात, मग खिचडी नाहीतर उसळ-पोळी. मुलांच्या हातात आम्ही पत्रकं देत नाही, बाप्तिस्म्याचा विषय काढत नाही. कोणी आईनं "प्रार्थना करा" म्हटलं तर तिच्यासाठी तिथेच उभी राहून करते. प्रभूनं मला दिलेली सेवा ती हीच, असं मी मानते.

तिथल्या एका बाईला मी अक्का म्हणते, ती मला सिस्टर म्हणते. पंचेचाळिशी ओलांडलेली, कर्नाटकातली. न्हाण यायच्या आधीच घरच्यांनी सौंदत्तीला नेऊन यल्लमाला देवदासी म्हणून सोडलं आणि दोन वर्षांत तिची रवानगी पुण्याला झाली. तिची मुलगी आमच्याकडेच अक्षरं गिरवायला शिकली, आता बोर्डिंगात राहून दहावी करते आहे.

नोव्हेंबरात मंडळीत कापणीचा सण झाला. त्याच्या आदल्या शुक्रवारी अक्कानं माझ्या हातात पाकीट ठेवलं. एकवीसशे रुपये. शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा, एकेक हातानं सरळ केलेली. म्हणाली, "पोरगी टिकली तिथं. तुमच्या देवाला द्या." मी ते खजिनदारांना दिलं. पावतीसाठी त्यांनी नाव विचारलं, मी खरं ते सांगितलं. पुढच्या रविवारी पाकीट परत माझ्या हातात आलं. मंडळीच्या कमिटीतल्या एका पंचांनी बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातलं २३:१८ उघडून दाखवलं, वेश्येची कमाई नवसापोटी परमेश्वराच्या घरात आणायची नाही. कोणी आवाज चढवला नाही, सगळे सौम्यपणे बोलले. मला काही उत्तर सुचलं नाही. घरी येऊन मी खूप रडले.

त्याच सणाला जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका सभासदांचे पंचवीस हजार नाव घेऊन जाहीर झाले. ते पैसे वाईट मार्गाचे आहेत असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण ते कुठून आले हे त्यांना कोणी विचारलं नाही.

आता तीन आठवडे पाकीट माझ्या पर्समध्ये आहे. अक्का विचारते, "दिलं ना?" आणि मी विषय बदलते. हे खोटंच झालं.

त्यात भर म्हणजे त्याच इमारतीतली घरवाली, म्हणजे तिथला धंदा चालवणारी बाई, नाताळला सगळ्या मुलांच्या जेवणाचे आणि स्वेटरचे पंधरा हजार देते म्हणते. थंडी आहे, स्वेटर खरंच हवेत. एकीचे घ्यायचे आणि दुसरीचे नाही, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

मुंबईचा सेवक

ताई, सलाम. मी कामाठीपुऱ्यात अकरा वर्षं मुलांमध्ये काम केलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे.

आमच्या वर्गात पंखे नव्हते. एका घरवालीनं दोन बसवून दिले, आम्ही आभार मानून घेतले. सहा-सात महिन्यांनी वरच्या मजल्यावर एक नवी मुलगी दिसली, चौदाच्या वर नसेल. मी जिन्यातच थांबलो तर ती बाई शांतपणे म्हणाली, "मास्तर, पंखा कोणाचा आहे?" मी पोलिसांत गेलो, पण दुसऱ्या दिवशी. तोवर मुलगी हलवली होती. ती एक रात्र मी अजून विसरलो नाही.

म्हणून घरवालीचा एक रुपयाही नको. अल्पवयीन मुलीवर अत्याचार होतो आहे असं कळलं तर कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्यानं तुमच्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर तुमच्यातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा आणि तो लावताना कोणाच्या उपकाराखाली असता कामा नये. दुसरीच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणं हा १९५६च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. अक्का स्वतःच्या अंगावर सोसून मिळवते, घरवाली अक्कासारख्यांकडून काढून घेते. हे दोन पैसे एक नाहीत. स्वेटरसाठी इथे हाक द्या, मी दहा पाठवतो.

जुना पंच

मी अशाच एका कमिटीवर बारा वर्षं होतो. कदाचित मीही हेच केलं असतं, म्हणून लिहितो.

पंचांना अक्काचा तिरस्कार वाटतो असं समजू नका. आम्हाला मंडळीच्या साक्षीची काळजी असते. मंडळीत असल्या पैशाच्या पावत्या फाटतात असं उद्या गावभर झालं, तर त्याचा त्रास तुमच्या वर्गालाच होईल. शिवाय वचन वचन आहे. आपल्याला जड जातं म्हणून ते बाजूला ठेवता येत नाही. आणि मला खरंच विचारायचं आहे, अक्का नवस फेडते आहे का? मुलगी टिकली तर अमुक देईन, असा व्यवहार असेल तर तो आपल्या देवाशी होत नाही हे तिला प्रेमानं सांगायला हवं.

केडगावकर

काका, वचन बाजूला ठेवू नका, एक ओळ वरून वाचा. अनुवाद २३:१७. इस्राएलाच्या मुलींपैकी कोणीही देवळाला वाहिलेली वेश्या होऊ नये. मूळ इब्रीत तिथे 'केदेशा' शब्द आहे, देवासाठी वेगळी काढलेली, अशा मुळाचा. आपल्याकडच्या माणसाला हे समजवावं लागू नये. देवाला सोडलेली म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. मुंबई इलाख्यात १९३४ला आणि कर्नाटकात १९८२ला कायदे करावे लागले, तरी मुली सोडल्या जात राहिल्या. सतराव्या ओवीतली आज्ञा अक्काच्या बाबतीत तिच्या घरच्यांनी मोडली, गावानं मोडू दिली. त्या वेळी ती लहान होती. आणि अठरावी ओवी आपण नेमकी तिलाच लावतो.

मत्तय २७ही वाचा. यहूदानं चांदीची नाणी मंदिरात फेकली तेव्हा याजक म्हणाले, हे रक्ताचं मोल आहे, भांडारात घालणं योग्य नाही. ती नाणी त्यांनीच त्याला मोजून दिली होती. बुधवार पेठेत जाणारं गिऱ्हाईक कुठल्या ना कुठल्या घरातून जातं, आणि ते एखाद्या रविवारी दानपात्रातही हात घालत असेल. त्याला पावती मिळते.

मी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या परिसरात वाढलो म्हणून हेही सांगतो. पंडिता रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा लंडनमधल्या फुलहॅमला वॉन्टेजच्या ख्रिस्ती भगिनींनी (नन्सनी) अशा स्त्रियांसाठी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं. ज्यांना समाज टाकतो त्यांची सेवा या का करतात, असं त्यांनी विचारलं. एका भगिनीनं योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. ख्रिस्ताची ओळख तिथे पटली, असं रमाबाईंनी स्वतः साक्षीत लिहून ठेवलं आहे. पुढे मुक्तीत कृपा सदन निघालं ते अशाच बायांसाठी. आणि त्या अध्यायात येशू त्या बाईकडे पाणी मागतो. तिच्या भांड्यातलं. तिचं आयुष्य ठाऊक असून.

नगरची लेक

सर्वांचे मनापासून आभार. मुंबईच्या दादांचं वाचून मी शुक्रवारी घरवालीला नाही म्हणून आले. ती रागावली. वर्गाची खोली तिच्या ओळखीनं मिळाली आहे, तेव्हा जानेवारीत दुसरी शोधावी लागेल असं दिसतं. कोणाला माहीत असेल तर कळवा. सत्तावीस मुलं आहेत.

काका, तुमचा नवसाचा प्रश्न मी अक्काला जसाच्या तसा विचारला. ती म्हणाली, "नवस केला असता तर आधी बोलले असते. पोरगी टिकल्यावर दिलं." मग मी पाकीट बाहेर काढलं आणि सगळं खरं सांगितलं, परत आलं ते, का आलं ते, आणि मी तीन आठवडे लपवलं तेही. वाटलं होतं, ती उठून जाईल. तिनं पाकीट घेतलं, नोटा मोजल्या, पदराला बांधल्या.

केडगावकर दादांचं उत्तर मी छापून पाळकसाहेबांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, कमिटीला मी सांगतो, पण तिलाच रविवारी घेऊन ये, स्वतःच्या हातानं टाकू दे. पंच काय म्हणतील ते अजून मला माहीत नाही.

काल अक्कानं विचारलं, साडी कोणती नेसू. मी म्हटलं, तुला आवडते ती. उपासना दहाला असते. साडेनऊला मी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा घेऊन थांबणार आहे. तेवढी प्रार्थना करा.