सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी आईची धडधड थांबत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची, मिरजेला असते. बाबांना पॅरालिसिस झाल्यापासून त्यांचं सगळं तीच करते. रात्री ते नुसते खोकले तरी ती उठून बसते. हल्ली बाबा शांत झोपलेले असतानाही तिला पहाटे तीनलाच जाग येते. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, पित्त, आखडलेली मान. बीपीची गोळी सुरू झाली, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, म्हणजे थोडं वाढलेलं आलं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन मात्र व्यवस्थित. "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. बाहेर आल्यावर ती रडली. आपल्याला होतंय ते त्यांना खोटं वाटतंय, असं तिने धरलं.

मी थोडं वाचलं. भीती वाटली की क्षणात अ‍ॅड्रिनलिन सुटतं, नाडी वाढते. मागोमाग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, त्याने यकृतातून साखर रक्तात येते. संकट टळलं की मेंदू हे थांबवतो. आईचं संकट टळतच नाही. साखर आजीलाही होती, त्यामुळे सगळं चिंतेवर ढकलत नाही, पण धडधड आणि झोप यांचा संबंध मला पटतो.

मावसभाऊ म्हणतो कॉर्टिसॉल तपासा. शेजारच्या काकूंनी अश्वगंधा आणून दिलीय. मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की आई म्हणते, "मला काय वेड लागलंय?" तुमच्या घरी कुणाला कसं तयार केलंत?

प्रतिसाद:

ताई, कॉर्टिसॉलच्या एका आकड्यावरून चिंता मोजता येत नाही. उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत जास्त असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. ही तपासणी कुशिंग (कॉर्टिसॉल फार वाढणं) किंवा अ‍ॅडिसन (ते फार कमी पडणं) अशा आजाराचा संशय असेल तर करतात. कुशिंगची लक्षणं म्हणजे पोटावर जांभळे पट्टे, सहज काळेनिळे डाग, हातपाय बारीक आणि चेहरा गोल असं काही आहे का? आणि गुडघेदुखीसाठी कुणाकडून पुड्या घेतात का, हे नक्की विचारा. तसल्या पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड असतं, त्यानेही बीपी आणि साखर वाढते.

अश्वगंधा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, शिवाय त्यांची बीपीची गोळी चालू आहे.

आमच्या सासूबाईही वेडाच्या धास्तीने अडून बसल्या होत्या. "धडधड खरी आहे, झोप खरंच उडालीय, आणि त्यावर उपचार करणारे डॉक्टर हेच" असं स्पष्ट सांगितल्यावर आल्या. मानसोपचारतज्ज्ञांनी चिंतेवर दिलेल्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनी वाढूही शकते. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चार दिवसांत बंद करतील. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, मोफत आहे. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दरदरून घाम आला किंवा भोवळ आली, तर मात्र चिंता समजून घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि रात्रीचं काय? पहाऱ्याला असल्यासारखी झोप असेल तर नुसत्या औषधाने भागणार नाही. आठवड्यातल्या निदान दोन रात्री बाबांजवळ दुसरं कुणी झोपू शकेल का? तुम्हाला भावंडं आहेत का, मिरजेत रात्रीची बाई मिळते का, ते कळवा.