घरची नानकटाई : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

दिवाळीच्या फराळात नानकटाई घरी करणारे वाढलेत. प्रश्न मात्र दरवर्षी तेच येतात: पसरली का, दगड का झाली, तडे का गेले नाहीत? पुण्या-मुंबईची कृती आपल्या कोरड्या, तापट हवेत जशीच्या तशी चालत नाही, म्हणून इथल्या स्वयंपाकघरातलं लिहा. प्रमाण ग्रॅममध्ये द्या, "अंदाजाने" नको. बिघडतं कुठे आणि का, तेही सांगा.

जुळे सोलापूर, ओटीजी (विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन)

मैदा 200 ग्रॅम, बेसन 50, बारीक रवा 25, पिठीसाखर 130, घट्ट साजूक तूप 150. अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा वेलची पूड, किसलेलं जायफळ, चिमूटभर मीठ. चमचा म्हणजे मापाचा, 5 मिलिलिटरचा, सपाट भरलेला. 20 ग्रॅमचा एक गोळा धरला तर 27 नानकटाया होतात.

सगळा खेळ तूप फेटण्याचा आहे. तूप रवाळ किंवा लोण्यासारखं मऊ हवं, पातळ अजिबात नको. परातीत घेऊन तळहाताने 8 ते 10 मिनिटं घासायचं. आधी पिवळसर चकाकी जाते, मग ते पांढरं आणि फुललेलं दिसायला लागतं. बोटाने रेघ ओढली तर रेघ तशीच राहिली पाहिजे. थेंब पाण्यात तरंगला की तूप झालं, असं सांगतात. त्यावर जाऊ नका, तूप पाण्यापेक्षा हलकंच असतं, न फेटताही तरंगतं. एकाच दिशेने फेटा म्हणतात, त्यानेही काही फरक पडत नाही. तुपात हवा कोंडली जाणं महत्त्वाचं.

मग पिठीसाखर घालून आणखी 3-4 मिनिटं फेटायचं. साखर घरी दळून बारीक चाळणीने चाळायची. जाड कण राहिले तर भाजताना वितळून कडेने पसरतात आणि गार झाल्यावर कडक होतात.

पिठं, सोडा, पावडर, मीठ एकत्र दोनदा चाळून, रवा आणि वेलची मिसळून तुपात घालायची आणि बोटांनी गोळा करायची. मळायचं नाही! मैद्यात चिवटपणा आला की नानकटाई बिस्किटासारखी कडक होते. मुठीत दाबलं की गोळा धरतो आणि अंगठ्याने ढकललं की फुटतो, इतकंच पुरे. धरत नसेल तर एक चमचा तूप घाला, दूध नको. पाण्याचा अंश आत गेला की चिवटपणा येतोच.

ओटीजी 160 अंशांवर 10 मिनिटं आधी तापवायचा, ट्रे मधल्या खाचेत, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू. वेळ 18 ते 20 मिनिटं. खालची कड फिकट सोनेरी आणि वरचा भाग पांढरट दिसला की बाहेर. त्या वेळी ती बोटाला मऊच लागते. कच्ची वाटून पुन्हा आत ढकलली की हमखास जास्त भाजली जाते. 10 मिनिटं ट्रेवरच राहू द्या, हात लावू नका, गार होताना तूप आळतं आणि खुसखुशीतपणा येतो.

साखर पेठ

वरचं प्रमाण बरोबर आहे ताई, पण एप्रिल-मेमध्ये ते इथे फसतं. बाहेर पारा 42-43 वर असतो आणि पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात दुपारी तूप तेलासारखं पातळ होतं. पातळ तुपात हवा धरत नाही, गोळे ट्रेवर ठेवल्या ठेवल्या बसतात आणि ओव्हनमध्ये पापडासारखे पसरतात. उन्हाळ्यात ही उठाठेव पहाटेच करा. तूप आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवून, काढल्यावर बोट रुतेल इतकं मऊ झालं की घ्या. फेटताना परात माठातल्या पाण्याने भरलेल्या घमेल्यावर ठेवली की फार फरक पडतो. फक्त पाणी परातीत उडू देऊ नका. वळलेले गोळे ट्रेसकट 20 मिनिटं फ्रीजमध्ये, तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये.

आपल्या कोरड्या हवेचा दुसरा त्रास म्हणजे गोळे उघडे राहिले तर वरून सुकतात आणि वळतानाच कडेला चिरतात. तो तडा वेगळा आणि भाजताना पडणारा वेगळा. पहिल्याने नानकटाई तुकड्यात मोडते. पातेलं पालथं घाला, नाहीतर ओलं फडकं पिळून वर झाका, पिठाला चिकटू न देता.

लोणी वापरायचं असेल तर लक्षात घ्या, बाजारच्या बटरमध्ये साधारण 80 टक्केच स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. 150 ग्रॅम तुपाच्या जागी साधारण 187 ग्रॅम बटर लागेल, मिठाचं असेल तर वरची चिमूट गाळायची. पण पाणी आल्यामुळे तुपासारखी ठिसूळ होत नाही. चव छान, पोत वेगळा. आमचं मत तुपाचंच.

अशोक चौक, ओव्हन नसलेल्यांसाठी

जाड बुडाची कढई किंवा जुना ॲल्युमिनियमचा कुकर घ्या. तळाला दोन वाट्या खडे मीठ पसरा, वर लोखंडी रिंग ठेवून त्यावर ताटली. कुकरच्या झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवायची, पाणी मुळीच घालायचं नाही. मध्यम आचेवर 10 मिनिटं तापवून ताटली ठेवायची, मग अगदी मंद आचेवर 22 ते 25 मिनिटं. पहिली 15 मिनिटं झाकण उघडू नका. उघडलं की ऊब जाते आणि अर्धवट फुगलेली नानकटाई बसते.

इथे वरून कॉइल नसते, म्हणून वरचा रंग येतच नाही. रंगासाठी थांबलात तर बूड काळं होणार. खालून सोनेरी झाली की झाली. बूड लवकर करपत असेल तर दोन ताटल्या एकात एक ठेवा, मधल्या हवेच्या थरामुळे आच सौम्य लागते. ते मीठ नंतर खायला वापरू नका, बरणीत भरून पुढच्या वेळी पुन्हा चालतं.

मुरारजी पेठ

सोड्याबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त माल इथेच बिघडतो. "जास्त घातला की जास्त खुसखुशीत" हे खरं नाही. आंबट काही नसेल तर जास्तीचा सोडा भाजताना धुण्याच्या सोड्यात बदलतो, म्हणून जिभेला साबणासारखं लागतं. शिवाय नानकटाई पसरते आणि आत तयार व्हायच्या आधीच वरून लालसर दिसते. 250-275 ग्रॅम पिठाला पाव चमच्यापेक्षा जास्त नकोच. त्यासोबत एक चमचा घट्ट, टांगलेलं दही फेटलेल्या तुपात घातलं तर चव साफ राहते.

तडे जातात ते असे: वरचा थर आधी सुकतो, मग आतला वायू फुगतो आणि थर फाटतो. ओव्हन नीट तापलेला नसेल तर थर सुकायच्या आत तूप वितळतं आणि गुळगुळीत, सपाट चकती मिळते. गोळा वळून नुसता हलका दाबायचा, चपटा करायचा नाही. मधोमध पिस्ता किंवा चारोळी रोवताना पडलेल्या खळगीपासूनच बहुतेक वेळा तडा सुरू होतो.

होटगी रस्ता, भट्टीवर देणाऱ्यांसाठी

दोन-तीन किलोची करायची असेल तर घरच्या ओव्हनमध्ये दिवस जातो. बेकरीच्या भट्टीवर सामान नेऊन करून आणणं अजूनही सोयीचं. ब्रेड-पाव निघाल्यावर उतरत्या आचेवर नानकटाई लावतात, म्हणून वेळ आधी विचारून जा. तूप घरचं न्या आणि डब्यासकट वजन लिहून ठेवा. मिश्रण घरून करून नेऊ नका, वाटेत आणि रांगेत ते तापून सैल होतं. तूप-साखर तिथेच फेटून घ्या, नाहीतर कोरडं सामान वेगळं बांधून न्या. बेकरीत किलोभर मैद्याला जवळजवळ किलो वनस्पती तूप आणि तितकीच साखर असं भरघोस प्रमाण चालतं. साजूक तुपाला ते सोसत नाही, तुमचं प्रमाण चिठ्ठीवर लिहून द्या. वनस्पती तूप उन्हाळ्यातही घट्ट राहतं म्हणून आकार छान येतो. 2022च्या जानेवारीपासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (हृदयाला घातक स्निग्धांशावर) 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तरी चव साजूकचीच.

आणायला पसरट पत्र्याचे डबे आणि भरपूर कागद न्या. गरम माल एकावर एक रचला की खालचा थर भुगा.

विजापूर रस्ता, ज्वारीची

आपल्या भागात ही करायलाच हवी. मंगळवेढ्याकडची मालदांडी जातीची ज्वारी असेल तर उत्तम. ज्वारीचं पीठ 150 ग्रॅम, कणीक 100, पिठीसाखर 120, तूप 150, बेकिंग पावडर अर्धा चमचा, सोडा नको. ज्वारीत चिवटपणा नसतो, म्हणून निव्वळ ज्वारीची उचलताच भुगा होते. ती 100 ग्रॅम कणीक बांधून ठेवण्यासाठी आहे. पीठ मैद्याच्या चाळणीने चाळा, कोंडा राहिला तर घशाला लागतो. आधी मंद आचेवर 5-6 मिनिटं कोरडं भाजा आणि पूर्ण गार करा, कच्चट वास जातो.

एक गोष्ट सांगण्यासारखी. विरी गेलेल्या, म्हणजे जुनं होऊन चिकटपणा गेलेल्या पिठाची भाकरी थापता येत नाही, पण त्याच पिठाची नानकटाई चांगली होते, कारण इथे चिकटपणा लागतच नाही. फक्त चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघा. कडवट लागलं तर टाकून द्या, साखरेने तो कडवटपणा झाकत नाही.

वजन कमी वाटेल, पण गोळे 15 ग्रॅमचेच करा. मोठे केले तर मधोमध मोडतात. 150 अंशांवर 22 मिनिटं. ज्वारीचा रंग मुळातच फिकट राखाडी, सोनेरी होण्याची वाट बघू नका, वासावर जा. भाजलेल्या ज्वारीचा खमंग वास सुटला की दोन मिनिटांत काढा.

साखर पेठ

वर कुणी साठवणीचं विचारलं नाही, तरी लिहिते. पूर्ण गार व्हायला एक तास तरी द्या, कोमट भरली की डब्याच्या झाकणाला घाम येतो आणि सकाळपर्यंत मऊ. स्टीलच्या घट्ट डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकते. चिवड्याच्या किंवा शेंगाचटणीच्या डब्याजवळ उघडी ठेवू नका, तूप लसणाचा वास पटकन ओढतं. पावसाळ्यात मऊ पडली तर 130 अंशांवर 6 मिनिटं गरम करून पुन्हा पूर्ण गार करा, परत खुसखुशीत होते. मायक्रोवेव्हमध्ये नको, आणखी मऊ पडते.