पिचरच आधी, पण लांबलचक करार नको

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये स्टार्टिंग पिचर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा गोलंदाज, पाच दिवसांतून एकदाच खेळतो, म्हणून संघांनी पैसा बॅटरवर घालावा, हा मुद्दा १६२ सामन्यांच्या हंगामापुरता पटतो. ऑक्टोबरातल्या बाद फेऱ्यांत मात्र मधे सुट्टीचे दिवस असतात, तेच तीन-चार पिचर पुन्हा पुन्हा उतरतात. २०१९चे वॉशिंग्टन नॅशनल्स बघा ना! त्यांचा स्टार बॅटर ब्राइस हार्पर गेला, तरी त्यांनी पिचर पॅट्रिक कॉर्बिनवर १४ कोटी डॉलर लावले. वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे सात सामन्यांच्या अंतिम लढतीत, मान आखडल्याने पाचव्या सामन्याला मुकलेल्या त्यांच्याच पिचर मॅक्स शेर्झरने सातव्यात पाच डाव रेटून नेले, आणि पुढच्या तीन डावांत कॉर्बिनने एकही धाव दिली नाही. जिंकलेच शेवटी!

धोका आहे तो कराराच्या लांबीत. त्या विजयानंतर त्यांच्याच दुसऱ्या पिचरला, स्टीफन स्ट्रासबर्गला, सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलर मिळाले आणि दुखापतींमुळे बिचारा जेमतेम ८ सामने खेळला.