मदत हवी आहे: रुतलेल्या गाड्या ओढायला हिचमध्ये काय बसवावं?

वाळूतला

फोर बाय फोर पिकअप आहे, भरून वजन २.९ टन. मागे चासीला बोल्टने बसवलेला २ इंची हिच रिसीव्हर (जोडणी सारायची चौकोनी पोकळ नळी) आहे. त्याच्या स्टिकरवर ट्रेलरचं कमाल वजन ३५०० किलो लिहिलंय. चिखलात किंवा वाळूत रुतलेल्या गाड्या ओढायच्या आहेत. बहुतेक आपल्याच वजनाच्या पिकअप, काही हलक्या जीप.

ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा, म्हणजे टो बॉल, आधीपासून आहे. त्यालाच पट्टा अडकवून ओढणारे बरेच दिसतात, ते कितपत बरोबर? दुसरं असं ऐकलं की पट्ट्याचा लूप थेट रिसीव्हरमध्ये सारून त्यातून हिचची पिन घातली की झालं. मग शॅकल ब्लॉक (रिसीव्हरमध्ये बसणारा, शॅकल म्हणजे पिनने बंद होणारी कडी अडकवायचा ठोकळा) कशाला घ्यायचा? आणि घ्यायचाच तर शॅकल किती टनांचं? दोर घेऊ की पट्टा, हेही सांगा.

नटबोल्ट

बॉलचा विषय आधी निकालात काढू. टो बॉल चाकांवर चालणाऱ्या ट्रेलरसाठी असतो, हिसक्यासाठी नाही. हिसका बसला की बॉलचा दांडा मानेपाशी मोडतो आणि ताणलेला पट्टा तो लोखंडी गोळा समोरच्या काचेतून आत नेतो. अशाने माणसं मेली आहेत. गाडी ओढायला निघण्याआधी बॉल काढूनच ठेवा, म्हणजे घाईत कोणी त्यात लूप अडकवणार नाही.

लूपमधून पिन घालण्याची युक्ती हलक्या ओढीला चालून जाते, म्हणून ती पसरली. २ इंची रिसीव्हरची पिन ५/८ इंची, म्हणजे १६ मिमी असते. ब्लॉक बसवला की आतली जागा भरते आणि जोर पिनवर दोन्ही भिंतींच्या लगत येतो. नुसता लूप घातला तर सगळा जोर पिनच्या मधोमध, ५० मिमीच्या मोकळ्या अंतरात पडतो. पिन धनुष्यासारखी वाकते आणि वाकलेली पिन भोकातून निघत नाही. मग ती कापायची वेळ येते, तेही गाडीखाली चिखलात लोळून. शिवाय ओढ जरा तिरकी झाली की रिसीव्हरच्या तोंडाची कड लूप घासून कापते.

ब्लॉक घेताना: एकसंध घडवलेला, भरीव, वेल्ड नसलेला. पोकळ चौकोनी पाइपला कान वेल्ड केलेले ब्लॉक दिसतात, ते नकोत. भार ब्लॉकवरच कोरलेला हवा. सोबत दिलेल्या शॅकलचा आकडा म्हणजे ब्लॉकचा आकडा नव्हे. ब्लॉक बाहेर जितका कमी येईल तितका चांगला. शॅकलचं भोक रिसीव्हरच्या तोंडापासून लांब गेलं की ओढ जरा वर-खाली झाली तरी तरफ होते आणि रिसीव्हर पिळवटतो. काही ब्लॉकमध्ये पिनची भोकं दोन्ही दिशांनी असतात, त्यामुळे ब्लॉक ९० अंश फिरवता येतो. सरळ ओढता येत नसेल तेव्हा याचा फार उपयोग होतो.

शॅकल बो प्रकारचं (रुंद गोलाईचं), ३/४ इंची, ४.७५ टनांचं. याची पिन २२ मिमी असते. आकडा शॅकलच्या अंगावर उठावात हवा, स्टिकरवर नको. हा आकडा सरळ ओढीचा आहे. ४५ अंश तिरकं ओढलं तर त्यातले ७० टक्केच धरा, आडवं ९० अंशांत ओढलं तर निम्मे.

दोरखंड

नटबोल्ट यांच्याशी सहमत. पण एका आकड्यावर बरेच जण फसतात. शॅकलवर लिहिलेला असतो कामाचा भार. दोरावर आणि पट्ट्यावर लिहिलेलं असतं तुटण्याचं बळ. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करू नका. चांगलं ४.७५ टनी शॅकल सहा पटींवर, म्हणजे २८ टनांच्या आसपास तुटतं. त्यामुळे जोडणीत सगळ्यांत आधी तुटणारी वस्तू दोर असते, आणि तसंच हवं. तुटायचंच तर लोखंड तुटू नये.

दोराचं तुटण्याचं बळ दोघांतल्या हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट. २.९ टनांच्या दोन पिकअप असतील तर सहा ते नऊ टन. ८ टनी नायलॉन स्नॅच पट्टा (हिसक्याने ओढायचा ताणणारा पट्टा) किंवा १९ मिमीचा कायनेटिक दोर (तसाच ताणणारा दोर), जो साधारण साडेआठ टनांचा असतो, नेमका बसतो. 'जाड तेवढं सुरक्षित' म्हणून २२ मिमीचा, १३ टनांचा दोर घेतला तर हलक्या जीपला तो ताणलाच जात नाही आणि सगळा हिसका तुमच्या चासीला बसतो. पट्टा २० टक्क्यांच्या आसपास ताणतो, चांगला दोर ३० पर्यंत. म्हणून दोर घ्या. पॉलिएस्टरचा टो पट्टा जवळजवळ ताणत नाही. तो हळू ओढत न्यायला, हिसक्याला नाही. साखळी आणि तारेचा दोर हिसक्याला अजिबात नकोत.

ओलं नायलॉन १० ते १५ टक्के बळ गमावतं, त्यामुळे चिखलातून आलेला दोर धुऊन सावलीत वाळवा.

वाळूतला

धन्यवाद, बरंच स्पष्ट झालं. शॅकलची पिन पूर्ण आवळून मग पाव आटा मागे घ्यायची असं वाचलं, ते बरोबर का? सॉफ्ट शॅकल (लोखंडाऐवजी धाग्याचं विणलेलं) या ब्लॉकवर चालेल? हिचला चोरीच्या भीतीने कुलूपवाली पिन लावलीय, तीच ठेवू का? आणि कधीमधी ६-७ टनांचा भरलेला ट्रक आला तर?

नटबोल्ट

पाव आटा मागे घेण्याची सवय मला पटत नाही. पिन हाताने पूर्ण आत न्या, पिनची कड शॅकलच्या कानाला टेकली पाहिजे. बस्स. पाना लावून घट्ट करायची गरज नाही. ओढल्यावर पिन अडकते ती बहुतेक वेळा आट्यांत वाळू गेल्याने किंवा पिन वाकल्याने. आटे ब्रशने साफ ठेवा. वाकलेली पिन ठोकून सरळ करू नका, आख्खं शॅकल भंगारात टाका.

दोरखंड

इथे माझं मत थोडं वेगळं. थोडीशी मागे घेतलेली पिन ओढल्यानंतर हाताने सुटते, आणि पाव आट्याने ताकद काही कमी होत नाही. पण सतत हलणाऱ्या जोडणीत ती आणखी सुटत जाऊ शकते, हा धोका खरा आहे. तुमच्या शॅकलच्या कंपनीने जे लिहिलंय तेच करा.

सॉफ्ट शॅकल ब्लॉकच्या भोकाच्या कडा गोल घासलेल्या असतील तरच. बोट फिरवून बघा. नखाला कड लागली तर धाग्यालाही लागणार. तो धागा उष्णतेलाही हळवा असतो, १४५ अंशांच्या आसपास वितळतो, तेव्हा सायलेन्सरला टेकू देऊ नका.

चासीनंबर

कुलूपवाली पिन ओढताना काढा. ती अनेकदा कुलपासाठी एका टोकाला कोरलेली किंवा बारीक केलेली असते. भरीव १६ मिमी पिन आणि तिची क्लिप गाडीतच ठेवा. मोठ्या रिसीव्हरमध्ये बारीक ब्लॉक बसवायचा रिड्यूसर आणि खाली उतरणारा बॉल माउंट, हेही ओढण्याच्या कामातून बाद.

आता ट्रकचं. किती जोर लागेल हे वजनापेक्षा रुतण्यावर ठरतं. ढोबळ हिशेब असा: चाक रुतलं असेल तर गाडीच्या वजनाइतका जोर, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, केबिनपर्यंत तर तिप्पट. म्हणजे २.९ टनांची पिकअप मडगार्डपर्यंत गेली तर ५.८ टन, आणि इथेच तुमचं ४.७५ टनी शॅकल आणि ३५०० किलोचा हिच मागे पडला. ७ टनांचा ट्रक मडगार्डपर्यंत असेल तर १४ टन. तो हिचने नाही निघत. त्याला झाडाला किंवा जमिनीत रोवलेल्या अँकरला बांधलेली विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि पुली लागते, किंवा क्रेन.

म्हणून फावडं आधी, दोर नंतर. चाकांपुढची माती उकरा, पोट टेकलं असेल तर ते मोकळं करा, टायरची हवा कमी करा. चाकाइतकी रुतलेली गाडी मडगार्डइतकी रुतलेल्या गाडीच्या निम्म्या जोरात निघते. उकरण्यातली २० मिनिटं जड वाटतात, पण ब्लॉक-शॅकल कोणतं घ्यावं यावर जितका वाद होतो त्याच्या निम्मा जरी उकरण्यावर झाला असता तर बरं झालं असतं.

दोरखंड

वेगाचंही सांगतो. ३ टनांची गाडी ताशी १० किलोमीटरने दोर ताणते तेव्हा साधारण ११ ते १२ किलोज्यूल ऊर्जा दोरात जाते. ताशी २० केली की दुप्पट नाही, चौपट. लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जोराचा गिअर), पहिला गिअर, दोर एक-दोन मीटर सैल, पहिला प्रयत्न अगदी हळू. रुतलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने चाकं सरळ ठेवायची आणि दोर ताणला की हलका अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. तीन प्रयत्नांत हलली नाही तर वेग वाढवू नका, परत उकरा.

दोराच्या मधोमध ओलं पोतं किंवा डॅम्पर (दोर तुटला तर तो उसळू नये म्हणून टाकायचं वजन) टाका. बाकीच्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा, ९ मीटरच्या दोराला साडेतेरा मीटर. दोर कमी पडला आणि दुसरा जोडावा लागला तर मध्ये शॅकल घालू नका, लूपमधून लूप ओवा आणि मध्ये काठी ठेवा म्हणजे गाठ सुटेल.

समोरच्या गाडीला कुठे अडकवताय तेही पाहा. बंपरखालच्या पातळ गोल कड्या ट्रकवर गाडी बांधून न्यायच्या असतात, त्या ओढायच्या नाहीत.

वाळूतला

समजलं. एकसंध ब्लॉक, ३/४ इंची बो शॅकल दोन, १९ मिमी दोर ९ मीटर, भरीव पिन आणि लांब दांड्याचं फावडं, एवढं घेतोय. ६-७ टनांच्या ट्रकला हात लावणार नाही.

चासीनंबर

रिसीव्हरचे चासीला बसवलेले बोल्टही ओढण्याआधी आणि नंतर टॉर्क रेंचने तपासा. बोल्टभोवती रंगाला तडा किंवा गंजाची ताजी रेघ दिसली तर तिथे काहीतरी हललंय.